मी जागाच होतो

मला कशाचीच भूल चढत नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. उलट या गोष्टीचा मला जन्मभर वैताग आलेला आहे. लहानपणी कीर्तनात आजूबाजूची माणसं डोळे मिटून डोलायला लागली, की मी बुवांच्या उपरण्याचं टोक समईला लागतंय की काय, ते बघत बसायचो. दारूबंदीच्या दिवसांत गोव्यातून चोरून आलेली फेणी मित्रांनी पाजली, तेव्हा बाकीचे तिघे गाणी म्हणत वाळूत लोळले आणि मला नुसती डोकेदुखी झाली. वर त्या तिघांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. झोपेचंही तेच. डोळा लागतोय असं वाटलं, की ‘लागला वाटतं’ असं मनात येतं आणि खाडकन जाग येते.

असल्या माणसाच्या घरात अवसर असावा, हा कुठला न्याय?

अवसर म्हणजे देवाचं वारं अंगात येणं. आमच्या गावच्या देवळातून दसऱ्याला तरंग निघतात. तरंग म्हणजे देवाची काठी, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, वरपासून खालपर्यंत लुगडी नेसवून जाड केलेली. त्यातल्या एका तरंगाचा मान आमच्या घराचा. घरातल्या थोरल्या मुलाने तो धरायचा, ढोल वाजायला लागला की त्याच्यावर वारं यायचं, आणि मग लोकांनी त्याला, म्हणजे त्याच्या अंगातल्या देवाला, आपापले प्रश्न विचारायचे. देव सांगेल ते गावाने ऐकायचं. माझ्या आजोबांवर अवसर यायचा, वडिलांवर यायचा. वडील थकले की माझ्यावर येणार, याबद्दल गावात कोणालाही शंका नव्हती. मला कोणी विचारलं नव्हतं.

वडील एरवी इतके अबोल, की दारात पाहुणा आला तर ‘बस’ म्हणायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघायचे. तेच वडील तरंग हाती आला की गावकरांना, म्हणजे गावातल्या पहिल्या मानकऱ्यांना, एकेरीत हाक मारून फैलावर घ्यायचे. आवाज घोगरा व्हायचा, मान एका बाजूला कलायची. आणि वारं उतरलं की देवळाच्या पायरीवर बसून पाणी मागायचे.

तेव्हाची एक रीत इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. अवसर उतरलेल्या माणसाला तो काय बोलला हे कोणी सांगायचं नाही, आणि त्यानेही विचारायचं नाही. बोलला तो देव. या माणसाला त्यातलं काहीएक आठवत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. वडील पाणी पिऊन एवढंच म्हणायचे, “झालां मा सगळां?” आणि लोक सांगायचे, “व्हय, बरां झालां.” संपलं. घरी येऊन ते गोठ्यात जायचे आणि बैलांना पेंढा घालायचे.

खरंच आठवत नसेल? मी दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून हा किडा माझ्या डोक्यात होता. एकदा धीर करून विचारलंही. वडील म्हणाले, “खुळो मरे तू,” आणि दोरी वळायला बसले.

मॅट्रिकनंतर मी कोल्हापूरला कॉलेजात गेलो. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. एस.टी. फोंडाघाट चढताना दोनदा तापायची आणि आम्ही उतारू खाली उतरून झऱ्याचं पाणी आणून द्यायचो. तिथे मी मानसशास्त्र घेतलं. ते कशासाठी घेतलं, हे घरी सांगितलं नाही. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठीतून. पहिल्याच वर्षाच्या त्या जाडजूड पुस्तकात जाणिवेच्या निरनिराळ्या अवस्थांवर एक प्रकरण होतं, आणि त्याची वाट मी जूनपासून बघत होतो. झोप होती, स्वप्नं होती, संमोहन होतं, नशा होती. आणि सगळ्यात शेवटी, बारीक टायपात, अंगात येण्याबद्दल पाऊण पान.

पाऊण पान! आमच्या तीन पिढ्या दर दसऱ्याला ज्याच्यासाठी उपास धरत आल्या, त्याला या लेखकाने पाऊण पान दिलं होतं. एका ठेक्यात वाजणारं वाद्य, भोवतालच्या माणसांची अपेक्षा, थकवा आणि उपास यांनी लक्ष एका जागी आकसत जातं, नेहमीची जाणीव मागे सरते, नंतर आठवण अर्धवट राहते किंवा राहतच नाही, असं काहीसं त्यात होतं. आणि जाता जाता एक वाक्य, की काही वेळा यात ढोंगही असू शकतं. ते कधी असतं आणि कसं ओळखायचं, यावर अवाक्षर नाही. त्या वाक्याखाली मी पेन्सिलने इतक्या रेघा ओढल्या की कागद फाटला.

सरांनी एकदा वर्गात संमोहनाचं प्रात्यक्षिक केलं. सात जणांना पुढे बोलावून टेबलावर हात ठेवायला लावले आणि संथ आवाजात सांगायला लागले, हात जड होतोय, आणखी जड होतोय, आता तो उचलणार नाही. सहा जणांचे हात खरोखरच उचलेनात. एकाच्या कपाळाला घाम फुटला. मी मनापासून जड व्हायचा प्रयत्न केला, अगदी दात आवळून केला, आणि हात सहज वर आला. “सर, आता काय करू?” असं मी विचारलं आणि वर्ग खो खो हसला. सर रागावले नाहीत. म्हणाले, “काही माणसं स्वतःवर फार पहारा ठेवतात. त्यांना हे जमत नाही, आणि जमवायला गेलं तर मुळीच जमत नाही.”

तास संपल्यावर मी त्यांना आमच्या घरातल्या अवसराची हकीकत सांगितली. सरांचे डोळे चमकले. सुट्टीत नीट निरीक्षण करा, लिहून आणा, म्हणाले. मी निरीक्षण करायला मोकळा असेन असं त्यांनाही वाटलं आणि मलाही.

त्याच श्रावणात वडील शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कांब्या बांधल्या, पण पाय धड जुळला नाही. वडिलांचं पत्र आलं. बोलताना पक्के मालवणी असलेले वडील पत्रात मात्र तालुक्याच्या कचेरीत अर्ज करावा तशी भाषा लिहायचे: ‘दसऱ्यास अवश्य यावे. तरंग तुम्हांस धरावा लागेल. काळजी नसावी.’

काळजी नसावी म्हणे. घरी पोचलो तर गावकर ओटीवर बसलेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “येवक नाय तर येवक नाय,” ते म्हणाले. “देव काय कोणाच्या घरात बांधून घातलेलो नाय. मगे मान तुमच्या चुलत्यांच्या घरात जायत.” त्या आठवड्यात वडील नीट जेवले नाहीत, आणि मी समोरून गेलो की माझ्या हातांकडे, खांद्यांकडे बघायचे. ढोल ऐकून माझ्या अंगावर काटा येतो का, हे सुद्धा त्यांनी दोनदा विचारलं. मी “येता” म्हणून सांगितलं. मला नुसता संताप येत होता. देवाचा नव्हे, वडिलांचाही नव्हे. त्या पाऊण पानाचा.

प्रश्न विचारायला कोण कोण येणार, ते साधारण ठाऊक असायचं. कोणाची म्हैस आटलेली, कोणाचा मुंबईचा मुलगा पत्र पाठवत नसलेला. त्यातलीच एक खालच्या वाडीतली, समुद्रावर पोट असलेल्या घरातली बाई. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गलबतावर खलाशी म्हणून गेला होता. गलबत परत आलं, तो आला नाही. मंगळूरच्या बंदरात उतरला तो पुन्हा दिसला नाही, एवढंच बाकीच्यांनी सांगितलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ती तरंगासमोर उभी राहून एकच प्रश्न विचारायची: घोव आसा काय नाय? आणि दर दसऱ्याला वडिलांच्या तोंडून उत्तर यायचं: “आसा. वाट बघ.”

हे ऐकून माझं डोकं फिरायचं. तिशीची बाई, पोटी मूल नाही. तिच्या समाजात विधवेला दुसरं लग्न करता येत होतं. पलीकडच्या वाडीतला एक बिजवर तिला करून घेईल, असं विहिरीवर बायका बोलताना मी स्वतः ऐकलं होतं. फक्त देवाने सोडलं पाहिजे. पण देव काही तिला सोडत नव्हता. हा माझा समज. याला एकाही माणसाचा आधार मी घेतला नाही, एकाही माणसाला विचारलं नाही. मानसशास्त्राचं एक प्रकरण वाचलं होतं आणि माणसांच्या मनातलं मला कळतं अशी माझी खात्री होती.

दसऱ्याच्या दुपारी उपाशीपोटी, नव्या धोतरात मी देवळापुढे उभा राहिलो. वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी आणलं होतं. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, आज नवो खांदो तुज्या पायाकडे इलो हा, तेका संबाळून घे म्हाराजा!” सगळे एका आवाजात ओरडले, “व्हय म्हाराजा!” ढोल सुरू झाला.

मी पुस्तकात होतं ते सगळं केलं. डोळे मिटले. ठेक्यावर लक्ष धरलं. लक्ष आकसायच्या ऐवजी पसरत चाललं. कोणाच्या तरी तोंडाचा तंबाखूचा वास, उजव्या पायाखालचा खडा, ढोलकऱ्याचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित मागे पडतोय, हे सगळं मला स्वच्छ कळत होतं. पाव तास गेला, अर्धा तास गेला. डोळे किलकिले केले तर चुलते हाताची घडी घालून उभे, आणि वडील खुर्चीत पुढे वाकलेले, ओठ हलताहेत. माझ्यासाठी ते देवाची करुणा भाकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं.

तेवढ्यात माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. यात देवाचं काही नव्हतं. तरंग जड होता, मी उपाशी होतो आणि अर्धा तास एका जागी उभा होतो. वसतिगृहात वरच्या मजल्यावर पेटी चढवली तरी माझ्या पोटऱ्या अशाच थरथरायच्या. पण लुगड्यांची टोकं हलायला लागली आणि गर्दीतून आवाज आला, “इलो! इलो!” ढोल दुप्पट वेगाने वाजायला लागला. मला थांबता आलं असतं. पाय जरा फाकवून उभा राहिलो असतो तर थरथर बंद झाली असती. मी तसं केलं नाही. थरथर मांड्यांत येऊ दिली, मग खांद्यांत आणली, मान वडिलांसारखी एका बाजूला कलवली आणि घोगऱ्या आवाजात ओरडलो. बस्स. मी अवसर झालो.

म्हशीचं सांगितलं, मुंबईच्या मुलाचं सांगितलं. दोन्ही उत्तरं साधीच होती. मग ती पुढे आली. मागे तिचे दोन दीर होते.

“देवा, माजो घोव आसा काय नाय, सांग.”

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मला अक्षरशः आठवतं. आता मी एक चांगलं काम करणार आहे, हे वाक्य माझ्या मनात शब्दांनिशी आलं. मी म्हटलं, “लेकरा, तो गेलो. तेची वाट बघू नको. तू मोकळी.”

ढोलकऱ्याचा सुद्धा ठेका चुकला. ती रडली नाही. “गेलो?” तिने एकदाच विचारलं. “गेलो,” मी म्हणालो. तिच्या आधी तिच्या दिरांनीच माझ्या पायाशी लोटांगण घातलं. भावाचं दुःख, असं मी समजलो.

पायरीवर बसून मी पाणी मागितलं, विचारायचं ते विचारलं, आणि लोकांनी सांगितलं, “बरां झालां.” घरी आल्यावर वडिलांनी मला जवळ बोलावलं. “तुका इलो मा?” त्यांनी विचारलं. “व्हय,” मी म्हणालो. वडील माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. त्यानंतर त्यांना खरं सांगायचा प्रश्नच उरला नाही.

कोल्हापूरला जाऊन मी सरांना बारा पानी निबंध लिहून दिला. पोटऱ्यांची थरथर त्यात होती, ढोलाचा वेग होता, गर्दीची अपेक्षा होती. ज्याच्यावर अवसर आला तो ‘एक तरुण’ होता आणि त्याला नंतर काही आठवत नव्हतं. सरांनी तांबड्या शाईने ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरा मारला. तो शेरा मी किती जणांना दाखवला!

मे महिन्यात घरी आलो. आई परसात बांगडे साफ करत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, मासे त्या खालच्या वाडीतल्या बाईकडून घेतले, हल्ली ती टोपली घेऊन फिरते. मला काही समजेना. तिच्या नवऱ्याचा रापणीत वाटा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. ज्या घरांचं ते जाळं, त्या प्रत्येक घराला मासळीतला वाटा. घरात वाटा येत असताना तिने दारोदार फिरायचं कारण काय?

“वाटो खंयचो?” आई म्हणाली. “वाटो घोवाच्या नावाचो. घोव आसा तोपर्यंत तो तिका. देवान सांगलां घोव गेलो, वाटो दिरांचो झालो. मूल ना बाळ, ती काय सांगतली? घरातली तिची खोलीय दिरांनी घेतली. आता म्हायेराक आवशीकडे रवता आणि टोपली घेवन फिरता.”

“आनी ता दुसरा लगीन?”

“कोणाचा लगीन?” आईने बांगड्याचं डोकं मोडलं. “तो बिजवर? तेना वेंगुर्ल्याच्या चेडवाशी लगीन केल्यान.”

“मगे बाबांच्या अवसरान पाच वर्षां जां सांगलां...”

“पाच वर्षां देवान ‘वाट बघ’ सांगलां म्हणान तिच्या चुलीर मासो शिजलो. दीर दर दसऱ्याक तिच्या मागे उभे रवत ते कित्याक? देव काय सांगता तां ऐकूक. आता देवाच्या मनात काय इलां, तां देवाक म्हायत.” एवढं बोलून तिने मला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं.

तांब्या आणायला मी गेलो आणि माजघरातच उभा राहिलो. सगळ्या गावाला ठाऊक होतं. विहिरीवरच्या बायकांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, ढोलकऱ्याचा ठेका उगीच चुकला नव्हता. वर्षातून एकदा ती जो प्रश्न विचारायची, त्याचं उत्तर तिला पाठ होतं. ते तिला दिरांच्या कानांवर पडायला हवं होतं, एवढंच. आणि मी, गावातला पहिला मानसशास्त्राचा विद्यार्थी, तिला मोकळं करून बसलो होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पण त्याहून मोठा प्रश्न वडिलांचा होता. पाच वर्षं ते ‘वाट बघ’ सांगत होते ते जाणून, की खरोखर नकळत? जाणून असेल, तर माझा बाप माझ्यापेक्षा हजारपटीने शहाणा होता आणि माझ्याइतकाच जागा. नकळत असेल, तर त्या पाऊण पानाच्या पलीकडे काहीतरी होतं ज्याला त्या बाईची चूल दिसत होती. दोन्हींपैकी काहीही मला चाललं असतं. मला फक्त कळायला हवं होतं.

वडील ओटीवर मोडका पाय लांब करून बसले होते. मी सरळच विचारलं, “बाबा, त्या बायेक तुमी ‘वाट बघ’ कित्याक सांगलास?”

“मी खंय काय सांगलंय? सांगता तो देव.”

“पण तुमका आठवतच आसात.”

वडिलांनी मान वर केली. माझ्याकडे इतक्या बारकाईने त्यांनी कधी बघितलं नव्हतं. “तुका आठवता?” त्यांनी विचारलं. “दसऱ्याक तू काय सांगलंस तां तुका आठवता?”

मी हो म्हणू शकलो नाही. हो म्हटलं असतं तर त्या दिवसाचं त्यांचं रडणं मी मातीत घातलं असतं. “नाय,” मी म्हणालो.

“मगे माका कसां आठवात?” वडील म्हणाले, आणि समाधानाने भिंतीला टेकले.

त्यांनी मला जाणूनबुजून पकडलं की मीच आपणहून त्यांच्या हातात सापडलो, हे आज साठी उलटल्यावरही मला सांगता येत नाही. पुढे आणखी पुस्तकं वाचली, मोठी मोठी. ज्याला विचारायचं तोच ‘आठवत नाही’ म्हणाला तर काय करायचं, हे एकाही पुस्तकात नाही. सगळे पानंच्या पानं लिहितात आणि नेमक्या जागी येऊन हात वर करतात.

गावकरांना मी आडून आडून विचारलं, की देवाचा शब्द फिरवता येतो का. ते म्हणाले, देवच फिरवू शकतो. तिने पुन्हा येऊन विचारायला हवं. एवढा एक रस्ता होता. तिने येत्या दसऱ्याला पुन्हा विचारायचं, मी पुन्हा थरथरायचं आणि सांगायचं, तो आहे, मंगळुरात आहे, वाट बघ. पहिल्या ढोंगावर दुसरं ढोंग. त्याला माझी तयारी होती.

दोन दिवसांनी सकाळी बाजाराच्या वाटेवर ती भेटली. टोपली वाटेकडच्या दगडी गडग्यावर ठेवून सावलीत दम खात होती. कपाळ मोकळं, हातात काकणं नाहीत. मी काकी म्हणून हाक मारली तशी ती उठून उभी राहिली; ज्याच्यावर अवसर येतो त्याला मान द्यायचा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकी, दसऱ्याक तू परत इचार,” मी म्हणालो.

“काय इचारू?”

“तोच प्रश्न. घोव आसा काय नाय.”

“कित्याक? देवान सांगलां तां सांगलां.”

“देवान नाय सांगलां,” मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बोलून गेलो. पोटऱ्यांचं सांगितलं, चुलत्यांचं सांगितलं, तिची दया आली म्हणून बोललो तेही सांगितलं. वाटा जाईल हे ठाऊक नव्हतं, म्हणालो. माझ्या अंगात काही आलं नव्हतं, मी जागाच होतो, हे दोनदा म्हणालो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा टोपलीवरच्या माश्या हाकलल्या.

“जागो होतंस?”

“व्हय.”

“सगळां आठवता तुका?”

“सगळां.”

मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल. थुंकावं असंच मला वाटत होतं. गावात बोंब ठोकली असती तरी चाललं असतं. निदान एका माणसाने तरी मला जागं धरलं असतं.

“नाय,” ती म्हणाली. “तू जागो नव्हतंस.”

“काकी, मी खरां सांगतंय...”

“तू जागो आसलंस तर माका परत कुकू लावन वाट बघीत बसूक व्हयां. पाच वर्षां बसलंय. रोज सांजचां दर्यार जावन बघलंय. आता रडान झालां, काकणां फोडून झाली, तेचो तेरावोय झालो. परत माका जमाचा नाय.” तिचा आवाज चढला नाही. “ह्यां आणखी कोणाक सांगू नको. आनी तरंग सोडू नको. सोडलंस तर लोक इचारतीत, कित्याक सोडलो म्हणान.”

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने डोक्यावरची चुंबळ नीट केली.

“हात लाव,” ती म्हणाली.

टोपली बरीच जड होती. मी ती दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती बाजाराच्या वाटेला लागली.